बडतर्फीचा आदेश सर्वांत शेवटी लिहायचा असतो

प्रश्न असा आहे. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनवणारे एक युनिट असून तिथे ३५ कामगार आहेत. सीएनसी मशीनवरचा एक ऑपरेटर सात वर्षांपासून नोकरीत आहे. गेली दोन वर्षे तो पाळीला उशिरा येतो, न कळवता दांड्या मारतो, आणि मागच्या महिन्यात त्याने सुपरवायझरला चारचौघांत शिवीगाळ केली. एक महिन्याचा पगार हातावर ठेवून त्याला ‘उद्यापासून येऊ नको’ असे सांगता येईल का, आणि सांगता येत नसेल तर कायदेशीर मार्ग कोणता, असे मालकांनी विचारले आहे.

तसे सांगता येणार नाही. माणसाला गेटवर अडवणे सोपे असते. का अडवले हे पुढे न्यायालयात सिद्ध करणे जड जाते. गेली सत्तावीस वर्षे मी कधी चौकशी अधिकारी म्हणून, कधी व्यवस्थापनाचा प्रतिनिधी म्हणून ही प्रकरणे हाताळत आलो आहे. मालक हरले अशी जी प्रकरणे मी जवळून पाहिली, त्यांतल्या बहुतेकांत कामगाराची चूक खरोखरच होती. मालक हरले ते निर्णय आधी घेऊन चौकशी नंतर उरकली म्हणून, आणि हा उलटा क्रम कागदांवरून दिसून आला म्हणून.

पहिला मुद्दा हा की हा माणूस कायद्याच्या दृष्टीने कोण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा तिने घेतली. पण ‘कामगार’ कोणाला म्हणायचे याची कसोटी मुळात तीच राहिली आहे. हुद्दा काय लिहिला आहे याला फारसे महत्त्व नसते, प्रत्यक्ष काम काय चालते ते पाहिले जाते. अंगमेहनतीचे, कुशल, तांत्रिक किंवा कारकुनी काम करणारा माणूस कामगार ठरतो, मग नेमणूकपत्रात त्याला ‘एक्झिक्युटिव्ह’ म्हटले असले तरीही. देखरेखीचे काम करणाऱ्यासाठी वेतनाची मर्यादा पूर्वी महिना १०,००० रुपये होती, ती आता १८,००० रुपये आहे. आपला ऑपरेटर निःसंशय कामगार आहे. खराखुरा व्यवस्थापक असता तर वाट वेगळी होती: त्याचे नाते मुख्यतः करारातून येते, कराराप्रमाणे नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार देऊन ते संपवता येते, आणि तो दिवाणी न्यायालयात गेला तरी त्याला साधारणपणे नुकसानभरपाई मिळते, खुर्ची परत मिळत नाही. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांना महाराष्ट्रात १९७७ चा स्वतंत्र कायदा आणि स्वतंत्र शाळा न्यायाधिकरण आहे, त्यामुळे त्या मंडळींनी हे उत्तर स्वतःला लावून घेऊ नये.

आता त्या एक महिन्याच्या पगाराविषयी. ही कल्पना ‘कपाती’च्या तरतुदीतून आली आहे. वर्षभरात २४० दिवस काम भरलेल्या कामगाराला, त्याच्यावर कोणताही ठपका न ठेवता, कमी करायचे असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढे वेतन, शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागते. सात वर्षांचे ते १०५ दिवसांचे होते. हे पैसे काढण्याच्या वेळीच हातात पडले पाहिजेत, नंतर देतो म्हणून भागत नाही, आणि सरकारलाही कळवावे लागते. त्यातही त्या वर्गातला जो शेवटी आला त्याला आधी कमी करायचे, असा नियम आहे; सात वर्षांच्या माणसाला घरी पाठवून दोन वर्षांचा माणूस ठेवला तर त्याची लेखी कारणे द्यावी लागतात. आणि ती खरी कारणे लिहायला बसलात की उशीर, दांड्या आणि शिवीगाळ यांशिवाय दुसरे काही सुचणार नाही. म्हणजे ही कपात नव्हतीच, गैरवर्तनाची शिक्षा कपातीच्या नावाखाली दिली गेली, असे न्यायालय आदेशाचा पडदा बाजूला सारून म्हणू शकते. म्हणून गैरवर्तनाबद्दल काढायचे असेल तर गैरवर्तन म्हणूनच काढावे. तो रस्ता लांबचा आहे, पण मध्येच संपत नाही.

त्या रस्त्याची सुरुवात आरोपपत्रापासून होत नाही, त्याच्या बऱ्याच आधी होते. गेल्या दोन वर्षांत त्याच्या उशिराबद्दल एकही पत्र दिलेले नसेल, तर कायद्याच्या नजरेत त्या दोन वर्षांत फारसे काही घडलेलेच नाही. सुपरवायझर सांगतो, ‘साहेब, किती वेळा समजावलं’. पण समजावल्याची पोच नसते. याहून वाईट म्हणजे उलटा कागद असतो. चाकणच्या एका प्रकरणात कंपनीच्या साक्षीदाराने शपथेवर सांगितले की हा माणूस तीन वर्षांपासून कामात हलगर्जी करतो. कामगाराच्या वकिलांनी शांतपणे त्याच तीन वर्षांतली पगारवाढीची तीन पत्रे पुढे ठेवली. तिन्हींत एकच छापील वाक्य होते: ‘आपल्या समाधानकारक कामगिरीची दखल घेऊन…’ ते वाक्य कोणी विचार करून लिहिलेले नव्हते, दर एप्रिलमध्ये तोच मजकूर निघत असे. उलटतपासणी तिथेच संपली.

त्यामुळे पहिले पाऊल म्हणजे साधे, छोटे, मराठीतले पत्र. कामगाराला जी भाषा कळते तिच्यात ते हवे. इंग्रजी पत्रावर घेतलेली सही पुढे ‘वाचता आले नाही’ या एका वाक्याने कोलमडते. पत्रात दिनांक, काय घडले, काय अपेक्षित आहे आणि त्याचे म्हणणे काय, एवढेच असावे. त्याचे म्हणणे खरोखर वाचावे. एका कारखान्यात सात मिनिटांच्या उशिराबद्दल लागोपाठ पाच मेमो दिले गेले होते आणि प्रकरण माझ्याकडे चौकशीला आले. कामगार म्हणाला, घड्याळ चुकीचे आहे. मी गेटवर जाऊन पाहिले, तर हजेरीचे यंत्र खरोखर सहा मिनिटे पुढे होते. पाचही उत्तरांत त्याने तेच लिहिले होते आणि पाचही उत्तरे फाइलला लावण्यापलीकडे कोणी काही केले नव्हते. तो आरोप मी सिद्ध झाला नाही असे लिहिले आणि कंपनीने त्यानंतर मला पुन्हा कधी बोलावले नाही.

आपल्या प्रकरणात आणखी एक बारीक गोष्ट आहे. महाराष्ट्रात पूर्वी ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटींचे आणि शिस्तीचे लेखी नियम, लागू होत, नव्या संहितेत ती संख्या ३०० आहे. ३५ माणसांच्या युनिटला स्थायी आदेश नसल्याने ‘गैरवर्तन’ म्हणजे काय याची छापील यादी आपल्याकडे आपोआप येत नाही. नेमणूकपत्रात किंवा सहीने दिलेल्या सेवानियमांत ती असेल तर उत्तम. नसेल तर शिवीगाळ, विनापरवाना गैरहजेरी, आदेश न पाळणे यांसारखी उघड कृत्ये गैरवर्तन ठरतातच, पण मोबाइल वापरण्यासारख्या गोष्टींवर आरोप उभा करताना तसा नियम त्याला कधी कळवला होता हे दाखवावे लागेल. स्थायी आदेश नाहीत म्हणून चौकशीही नको, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. नैसर्गिक न्यायाची तत्त्वे कामगारांची संख्या मोजून लागू होत नाहीत.

आता आरोपपत्र. ‘आपण सतत उशिरा येता व आपले वर्तन समाधानकारक नाही’ असे वाक्य मी शेकडो आरोपपत्रांत पाहिले आहे आणि त्याला उत्तर देणे कोणालाही अशक्य आहे, कारण त्यात सांगितलेलेच काही नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘आपली पाळी सकाळी ७ वाजता सुरू होते. आपण ३ जून रोजी ७.४०, ७ जून रोजी ७.३५ व ११ जून रोजी ८.०५ वाजता कामावर आलात. १८ ते २१ जून या काळात आपण रजा मंजूर करून न घेता व कोणतीही सूचना न देता गैरहजर होता.’ शिवीगाळीच्या आरोपात तर नेमके शब्द लिहावे लागतात, कितीही घाणेरडे असोत. इथे सभ्य माणसांची पंचाईत होते. मालक ‘असभ्य भाषा वापरली’ एवढेच लिहितात, टायपिस्ट मुलगी पुढचे टाइप करायला नकार देते, आणि शेवटी ते चार शब्द मी स्वतः टाइप करतो. पण नेमके शब्द नसतील तर कामगार काय नाकारणार आणि साक्षीदार काय सिद्ध करणार? त्या वेळी जवळपास कोण होते, मशीन चालू होते की बंद, सुपरवायझर त्याआधी काय बोलला, हेही त्याच दिवशी लिहून ठेवलेले बरे. एखादे वेळी असे निघते की पहिली शिवी सुपरवायझरने दिली होती.

मागच्या शिक्षांचा आधार घ्यायचा असेल तर त्यांचा उल्लेख आरोपपत्रात, निदान शिक्षेच्या नोटिशीत तरी करावा. शेवटच्या आदेशात त्या अचानक काढल्या तर त्यांवर बोलण्याची संधीच त्याला मिळालेली नसते. उत्तरासाठी मुदत द्यावी. पत्र तो घेत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर तसा शेरा मारून स्पीड पोस्टने घरच्या पत्त्यावर पाठवावे आणि परत आलेले पाकीट न फोडता फाइलला लावावे. ते पाकीट उत्सुकतेने फोडणारे मालक मी पाहिले आहेत. फोडलेल्या पाकिटात नेमके काय होते, हा प्रश्न मग विनाकारण उभा राहतो.

चौकशी होईपर्यंत निलंबित करावे का? साक्षीदारांवर दबाव येण्याची किंवा पुन्हा भांडण होण्याची खरी भीती असेल तरच करावे. चौकशीपुरते केलेले निलंबन ही शिक्षा नाही, त्यामुळे पहिल्या ९० दिवसांसाठी निम्मे वेतन आणि त्यानंतर, विलंब कामगारामुळे झालेला नसेल तर, ७५ टक्के वेतन निर्वाह भत्ता म्हणून द्यायचे असते. मोठ्या आस्थापनांसाठी संहितेने चौकशी साधारणतः निलंबनापासून ९० दिवसांत संपवायला सांगितले आहे आणि लहान युनिटनेही ती मुदत पाळली तर त्यात फायदा मालकाचाच आहे. निर्वाह भत्ता थकवला आणि त्यामुळे माणूस चौकशीला येऊ शकला नाही, तर अख्खी चौकशी धोक्यात येते. उशिराचा आरोप असलेल्या माणसाला निलंबित करणे मला तर नेहमीच हास्यास्पद वाटत आले आहे: जो येत नाही त्याला आम्ही निम्म्या पगारावर घरी बसवतो.

ज्याला कारखान्यात सगळे नुसते ‘एन्क्वायरी’ म्हणतात, ती प्रत्यक्षात एखाद्या छोट्या केबिनमध्ये, टेबलाच्या तीन बाजूंना बसून चालते. चौकशी अधिकारी प्रकरणात गुंतलेला नसावा. तक्रार करणारा सुपरवायझर, त्याचा सख्खा साहेब किंवा ज्याने आरोपपत्रावर सही केली तो माणूस तिथे बसू नये. बाहेरचा वकील नेमता येतो आणि त्याची फी कंपनी देते एवढ्यावरून चौकशी पक्षपाती ठरत नाही. कामगाराला मदतीला सहकारी किंवा युनियनचा माणूस घेऊ द्यावा. कंपनीची बाजू कायदा शिकलेल्या माणसाने मांडायची असेल, तर कामगाराला वकील नाकारता येत नाही; हे सर्वोच्च न्यायालयाने मुंबई पोर्ट ट्रस्टच्या प्रकरणात १९८२ साली स्पष्ट केले आहे. आधी कंपनीचे साक्षीदार, त्यांची कामगाराकडून उलटतपासणी, मग कामगाराचे म्हणणे आणि त्याचे साक्षीदार, हा क्रम मोडू नये. सुरुवातीलाच आरोपीला प्रश्नांच्या फैरीखाली घेणारे चौकशी अधिकारी फौजदाराची भूमिका करतात आणि ती त्यांना महागात पडते. प्रत्येक बैठकीचा रोजनामा त्याच दिवशी लिहावा, प्रत्येक पानावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि एक प्रत लगेच कामगाराला द्यावी. तो आलाच नाही, तर दोन-तीन तारखा देऊन, प्रत्येक तारीख कळवून, एकतर्फी चौकशी चालवता येते. पण एकतर्फी म्हणजे साक्षीदाराविना नव्हे. सुपरवायझरची साक्ष तेव्हाही नोंदवावीच लागते.

इथे पुरावा फौजदारी खटल्यासारखा निःसंशय असावा लागत नाही, दोन शक्यतांपैकी जी अधिक पटते ती स्वीकारायची असते. चौकशी अधिकाऱ्याने आपल्या अहवालात आरोपांवरचे निष्कर्ष कारणांसह द्यावेत आणि तिथेच थांबावे. शिक्षा सुचवणे त्याचे काम नव्हे. अहवालाची प्रत कामगाराला देऊन त्यावर त्याचे म्हणणे घेतल्याशिवाय शिक्षा ठरवू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या निकालापासून हा दंडक खासगी आस्थापनांनाही लागू आहे. त्याच टप्प्यावर प्रस्तावित शिक्षेबद्दल दुसरी कारणे दाखवा नोटीस देण्याची पद्धत आहे आणि ती सोडू नये.

आणि याच टप्प्यावर सुरुवातीला म्हटलेला उलटा क्रम पकडला जातो. एका प्रकरणात अहवालाची तारीख १४ होती, कामगाराचा खुलासा २१ तारखेला आला, बडतर्फीचा आदेश २५ तारखेचा होता. सगळे व्यवस्थित. कामगाराच्या वकिलांनी हिशेबाच्या चेकची तारीख विचारली. ती ११ होती. लेखा विभागातल्या कोणीतरी साहेबांच्या तोंडी सूचनेवरून अहवाल येण्याच्या तीन दिवस आधीच चेक तयार करून ठेवला होता. चौकशी तशी चांगली झाली होती, मीही ती वाचली होती. त्या एका तारखेने तिची किंमत शून्य केली.

शिक्षा किती द्यायची, हा या सगळ्यातला खरा विवेकाचा भाग आहे. महाराष्ट्रातल्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, आणि जवळजवळ त्याच शब्दांत नव्या संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीत, किरकोळ किंवा तांत्रिक गैरवर्तनाबद्दल मागची सेवा न पाहता धक्कादायक वाटावी इतकी जबर शिक्षा देणे ही अनुचित प्रथा म्हटली आहे. सूडबुद्धीने, खोट्या कारणांवरून किंवा अवाजवी घाईने काढणेही त्याच यादीत आहे. रंग-रसायनांच्या एका कारखान्यात रात्रपाळीला झोपलेल्या कामगारांना बडतर्फ केले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली ती शिक्षा अशीच ठरवली. उलट वरिष्ठाला अत्यंत घाणेरड्या शब्दांत, एकाहून अधिक वेळा शिवीगाळ करणाऱ्या वाहन कारखान्यातील कामगाराची बडतर्फी त्याच न्यायालयाने २००५ साली कायम ठेवली. या दोन निकालांच्या मध्ये कुठेतरी आपले प्रकरण बसते. केवळ उशिरासाठी बडतर्फी टिकेल असे मला वाटत नाही. त्यासाठी लेखी ताकीद, मग शिक्षा म्हणून काही दिवसांचे बिनपगारी निलंबन, असे चढत जावे. शिवीगाळ सिद्ध झाली आणि मागच्या ताकिदी कागदावर असतील, तर बडतर्फीचा विचार करता येतो. याच युनिटमध्ये पूर्वी कोणी शिवीगाळ केली होती का, आणि त्याला माफी लिहून घेऊन सोडले होते का, हेही तपासावे. एकाला माफी आणि दुसऱ्याला बडतर्फी यांतला फरक आपल्याला समजावून सांगता आला पाहिजे.

दोन पळवाटांबद्दल बोलणे भाग आहे, कारण त्या प्रत्येक औद्योगिक वसाहतीत सुचवल्या जातात. एक म्हणजे ‘आठ-दहा दिवस न कळवता गैरहजर राहिला, म्हणून नोकरी आपोआप सुटली’ असे पत्र. १९९३ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की नियमात तसे लिहिलेले असले तरी त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय नाव कमी करता येत नाही. दुसरी म्हणजे केबिनमध्ये बसवून घेतलेला राजीनामा. कोऱ्या कागदावर आधीच घेतलेल्या सहीचा राजीनामा तर शाईच्या रंगानेच ओळखू येतो. माणूस दुसऱ्या दिवशी ‘जबरदस्तीने घेतला’ असे पत्र पाठवतो आणि मग मालकाला राजीनामा खरा होता हे सिद्ध करत बसावे लागते. खरोखर समजुतीने वेगळे व्हायचे असेल तर त्यात गैर काही नाही, पण ते सौद्यासारखे उघड व्हावे: रक्कम ठरवावी, विचार करायला चार दिवस द्यावेत, घरच्यांशी किंवा युनियनशी बोलू द्यावे, आणि पैसे बँकेतून द्यावेत. लहान युनिटला अनेकदा हेच परवडते.

युनियनचा एखादा वाद समेट अधिकाऱ्यापुढे किंवा न्यायाधिकरणापुढे आधीच चालू असेल, तर बडतर्फ करताना एक महिन्याचे वेतन देऊन मंजुरीचा अर्जही करावा लागतो. तो विसरला तर बडतर्फीच टिकत नाही. बाळंतपणाच्या रजेवरील स्त्रीला त्या काळात काढणे बेकायदेशीर आहे. आणि लैंगिक छळाची तक्रार असेल तर तिची चौकशी २०१३ च्या कायद्याखालील समितीच करते. तिथे वेगळी एन्क्वायरी लावून गोंधळ घालू नये.

आदेश निघाल्यावर हिशेब लांबवू नये. वेतन संहितेप्रमाणे बडतर्फ केलेल्याचे देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे आहे. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यायची असते: पात्र वेतन २०,८०० रुपये असेल तर २६ ने भागून ८०० रुपये रोज, १५ दिवसांचे १२,०००, आणि सात वर्षांचे ८४,००० रुपये. बडतर्फ केले म्हणून ही रक्कम आपोआप बुडत नाही. कामगाराच्या कृत्याने मालमत्तेचे नुकसान झाले असेल तर त्या नुकसानापुरती, आणि दंगामस्ती, हिंसा किंवा नैतिक अधःपतनाच्या कृत्याबद्दल काढले असेल तर पूर्ण किंवा अंशतः ती जप्त करता येते, पण त्यासाठी वेगळी नोटीस देऊन वेगळा आदेश काढावा लागतो. रागाच्या भरात ग्रॅच्युइटी अडकवणारे मालक दोन खटले लढतात.

कामगाराला न्यायाधिकरणात जायला आता दोन वर्षांची मुदत आहे, पूर्वी तीन होती. बडतर्फी बेकायदेशीर ठरली तर सेवेत परत घेणे आणि मधल्या काळाचे वेतन हा सर्वसाधारण नियम असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात म्हटले आहे. प्रकरण पाच वर्षे चालले तर ती रक्कम किती होते याचा हिशेब आपण स्वतःच करून पाहावा.

तेव्हा आपल्या बाबतीत येत्या आठवड्यात करायचे काम एवढेच आहे. सुपरवायझरकडून त्या दिवसाची लेखी तक्रार घ्या, आणि मशीनवर शेजारी असलेल्या दोघांचे जबाब त्यांच्याच शब्दांत, एकमेकांसमोर न बसवता लिहून घ्या. गेल्या सहा महिन्यांचा हजेरीपट आणि मंजूर रजांचे अर्ज एकत्र करा. त्याचे नेमणूकपत्र आणि पगारवाढीची पत्रे शोधून काढा, विशेषतः शेवटचे. ते आधी मला पाठवा, मग आरोपपत्राचे पाहू. आणि त्याला उद्याही नेहमीप्रमाणे कामावर घ्या.